रिमॅप करायच्या आधी मी रुडॉल्फ डिझेलचं आयुष्य वाचलं

घरची डिझेल गाडी आता सात वर्षांची आहे. बाबांना घेऊन घाट चढताना ती दमते, म्हणून डोक्यात रिमॅप आला. एक गॅरेजवाला म्हणाला, ओबीडी पोर्टला लॅपटॉप लावतो, अर्ध्या तासात तयार फाइल टाकतो, ९० ची ११५ बीएचपी. दुसऱ्याला आधी गाडी चालवून डेटा बघायचा होता, आणि पैसे जवळजवळ दुप्पट. ठरेना. मग ज्याचं नाव आपण रोज पंपावर घेतो, तो माणूस होता तरी कोण, हे वाचत बसलो.

रुडॉल्फ डिझेल १८५८ मध्ये पॅरिसमध्ये जन्मला, आईबाप जर्मन. १८७० च्या युद्धात कुटुंबाला फ्रान्स सोडावा लागला आणि पोराला शिकायला ऑग्सबर्गला काका-काकूंकडे धाडलं. पुढे म्युनिकला तो कार्ल फॉन लिंडेचा विद्यार्थी झाला. लिंडे म्हणजे रेफ्रिजरेशनवाले, त्यामुळे पठ्ठ्याची पहिली नोकरी बर्फाच्या मशिनांवर!

त्याची कल्पना साधी होती. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल होईल, मग त्यात इंधन सोडलं की ठिणगीशिवाय पेटेल. कागदावर त्याने सुमारे २५० पट वातावरणाचा दाब मांडला होता. तेवढं सोसणारं लोखंड कुठून आणणार? आकडा बराच खाली आणावा लागला. तरीही १८९३ च्या ऑगस्टमध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिल्यांदा इंधन पेटलं, तेव्हा दाब मोजायचं यंत्रच फुटलं. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या ताकदीवर चाललं, जेमतेम मिनिटभर. आणि १८९७ च्या चाचणीत त्याने इंधनातली २६ टक्के ऊर्जा कामाला लावली. बहुतेक वाफेची इंजिनं याच्या निम्म्यावरही पोचत नव्हती.

इथे मी थांबलो, कारण रिमॅप म्हणजे हाच खेळ. ईसीयूमध्ये तक्ते असतात: डिझेल किती, कधी, किती दाबाने, टर्बोने हवा किती. कंपनी त्यात हातचं राखून ठेवते, कारण तीच गाडी लडाखच्या थंडीत आणि नागपूरच्या मेमध्ये चालायला हवी. रिमॅपवाला त्या राखीव जागेतून ताकद काढतो. ती जागा माझ्या गाडीत किती उरलीये, हे तयार फाइलला कसं कळणार?

डिझेलची पुढची गोष्ट तर डोळे उघडणारी. चाचणीचे आकडे गाजले, लायसन्स विकली गेली, तो श्रीमंत झाला. पण गिऱ्हाइकाकडे पोचलेल्या सुरुवातीच्या इंजिनांनी मान टाकायला सुरुवात केली. चाचणीतलं इंजिन जपून चालवलेलं, कारखान्यात रोज राबवायचं ते वेगळं. दुरुस्त्या, कोर्टकज्जे, आजारपण, आणि चुकीच्या गुंतवणुकीत पैसा गेला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर तो जेवला, केबिनकडे गेला आणि सकाळी सापडला नाही. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहावरच्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या की घात, वाद अजून चालू आहे. मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार आली १९३६ मध्ये, म्हणजे शोरूमला उभी असलेली डिझेल गाडी त्याने कधी बघितलीच नाही.

मी दुसऱ्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याला तीनच गोष्टी विचारल्या: मूळ फाइलची कॉपी मला देणार का, बूस्ट आणि रेल प्रेशरचे आधी-नंतरचे लॉग दाखवणार का, आणि वाढलेला टॉर्क माझा क्लच पेलेल का. (वॉरंटी संपलीच होती. तुमची चालू असेल तर ती जाईल असंच धरा, आणि डीपीएफ काढून टाकतो म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका.)

पहिल्याच लॉगमध्ये बूस्ट कमी दिसला. टर्बोचा होज चिरला होता. तो बदलल्यावर घाटातला दम बराचसा परत आला. क्लचही शेवटाला आलाय म्हणाला, त्यामुळे रिमॅप तूर्त थांबवलाय. होजचे पैसे रिमॅपच्या मानाने किरकोळ लागले.