शंखांची साक्ष वाचणारे हिस्लॉप

माणदेशात विहीर खणताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. त्याच सातारा जिल्ह्यात कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ९३० मीटरपर्यंत लाव्हाचे थर लागले आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटचा आद्य खडक. त्या दोहोंमध्ये ना समुद्राचा गाळ आढळला, ना सरोवराचा. हा लाव्हा पसरत होता तेव्हा दख्खनभूमीवर समुद्र होता की गोडे पाणी, याचे उत्तर शोधायला या पाषाणाच्या पूर्व सीमेवर, नागपूरकडे जाणे उपयोगी ठरते. ते शोधणाऱ्यांत अग्रणी होते स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ मध्ये स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. धर्मप्रसारक म्हणून १८४५ मध्ये ते नागपूरला आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. आजचे हिस्लॉप महाविद्यालय हा त्याच कार्याचा वारसा. भूशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत प्रवास करताना ते दगड निरखीत, फोडीत आणि त्यांतील अवशेष जपून ठेवीत.

नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या थरांमधील गाळखडकात त्यांना गोगलगायींचे शंख, बिया, फळे आणि कीटकांचे अवशेष मिळाले. मांगली येथील त्याहून कितीतरी प्राचीन खडकात एका उभयचर प्राण्याची कवटी सापडली. त्यांचा आणि हंटर यांचा नागपूरच्या भूशास्त्रावरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १८६० च्या निबंधात त्यांनी लाव्हाच्या थरांमधील शंखांचे सविस्तर वर्णन केले. नागपूरचे शंख गोड्या पाण्यातील होते. गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीच्या थरांत मात्र खाडीच्या पाण्यातील जीव आढळले. एकाच लाव्हाच्या प्रदेशात आत सरोवरे आणि कडेला समुद्राचा शेजार, असे चित्र त्यातून उभे राहिले.

सारेच निष्कर्ष टिकले नाहीत. हे थर त्यांनी इओसीन काळातील मानले. पुढे बिरबल साहनी यांनीही वनस्पतींच्या पुराव्यावरून तेच मत मांडले. आता दख्खनचा लाव्हा मुख्यतः ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाले त्या सुमाराचा ठरला आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे याच थरांत समुद्री सूक्ष्मजीवांचे अवशेष सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि समुद्राची एक चिंचोळी शाखा देशाच्या अंतर्भागात शिरली असावी, असा विचार पुढे आला. हिस्लॉप यांनी विचारलेला प्रश्न असा दीडशे वर्षांनंतरही जिवंत होता.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून ते मुक्कामाकडे परतत होते. पावसाने नाला फुगला होता. तो ओलांडताना ते बुडाले. घोडा मात्र स्वाराविना पोहोचला. वय अवघे ४५ वर्षांचे. आदिवासी जमातींविषयीची त्यांची टिपणे अपुरीच राहिली. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्याचा स्वभाव इवल्याशा शंखावरून ओळखणाऱ्या या अभ्यासकाला एका पावसाळी नाल्याने गाठावे, हा दैवदुर्विलासच. त्यांनी वेचलेल्या शंखांची साक्ष मात्र आजही उपयोगी पडते आहे.