दर ६-७ सेकंदाला एक बाण, तोही जवळपास २४ तास! ३०० वर्षांपूर्वीचा हा विक्रम अजून कोणीच मोडलेला नाही

साल १६८६. जपानच्या क्योटो शहरातल्या सान्जुसान्गेन्दो मंदिरात विशीतला एक सामुराई धनुष्य घेऊन बसला. त्याचं नाव वासा दाईहाचिरो. दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा त्याने १३,०५३ बाण सोडले होते, आणि त्यातले ८,१३३ यशस्वी ठरले होते.

या प्रकाराला म्हणतात तोशिया, म्हणजे आरपार जाणारा बाण.

यात निशाणा असा नसतोच. मंदिराचा लाकडी व्हरांडा सुमारे १२० मीटर लांब. एका टोकाला बसून सोडलेला बाण कुठेही न घासता दुसऱ्या टोकाबाहेर पडला पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी अडचण डोक्यावरच्या छपराची. मोकळ्या मैदानात बाण लांब न्यायचा तर तो उंच मारता येतो. इथे उंच मारला की वाशांना लागणार, खाली मारला की मध्येच जमिनीवर पडणार. म्हणून बाण कमी उंचीवरून, पण प्रचंड वेगाने जावा लागतो. त्यासाठी ताकदवान धनुष्य आणि हलके बाण वापरायचे.

जपानी धनुर्धर प्रत्यंचा अंगठ्याने ओढतात. हजारो बाण मारताना अंगठा टिकावा, म्हणून कडक अंगठ्याचा चार बोटी हातमोजा याच स्पर्धेच्या गरजेतून पुढे आला.

आता यात इज्जतीचा प्रश्न कुठून आला?

कीशू आणि ओवारी ही तोकुगावा घराण्याच्याच दोन शाखांची संस्थानं. तोशियाचा विक्रम आपल्याकडेच हवा, यावरून दोघांत चुरस. १६६९ मध्ये ओवारीच्या होशिनो कान्झाएमोनने १०,५४२ पैकी ८,००० बाण आरपार नेले. वासा होता कीशूचा. १७ वर्षं विक्रम समोरच्यांकडे होता, तो परत आणायची जबाबदारी या पोरावर आली.

संध्याकाळी सुरुवात झाली. रात्रभर शेकोट्यांच्या उजेडात बाण सुटत राहिले. जपानमध्ये एक गोष्ट आवडीने सांगितली जाते. मध्येच वासाचा हात सुजला, नेम चुकायला लागला. तेव्हा खुद्द होशिनो पुढे आला, त्याने छोट्या सुरीने वासाच्या हाताला चीर देऊन साकळलेलं रक्त काढलं आणि वासा पुन्हा सावरला. म्हणजे ज्याचा विक्रम मोडायचा, त्यानेच मदत केली! ही दंतकथा असेलही, पण आकडे मात्र नोंदवलेले आहेत.

गंमत म्हणजे होशिनोचे चारपैकी तीन बाण यशस्वी झाले होते, वासाचे शंभरातले ६२. नेमात होशिनो सरस, पण वासाने अडीच हजार बाण जास्त मारले. दमानेच बाजी पलटवली.

एवढं नाव कमावूनही शेवट चांगला झाला नाही. वासाची अखेरची वर्षं तानाबेच्या किल्ल्यात कैदेत गेली आणि १७१३ मध्ये तो वारला.

आज याच मंदिराच्या आवारात दर जानेवारीत विशीत पाऊल टाकणारी मुलं-मुली धनुष्य घेऊन उतरतात. अंतर असतं ६० मीटर, म्हणजे वासाच्या निम्मं. आणि ८,१३३ हा आकडा जिथे होता तिथेच आहे.