विनोदाचे सारे अर्थ जगलेला शायर

विनोद म्हटले की मराठी माणसाला आज हसणे आठवते. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ मात्र अधिक व्यापक आहे. दूर सारणे, घालवून देणे या अर्थाच्या धातूपासून तो आला. मनाचा शीण ज्याने हटतो, तो विनोद. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची स्तुती करतो, तेथे हा शब्द शिकारीसाठी येतो. सुभाषितकारांनी तो काव्य आणि शास्त्र यांच्या आस्वादाला लावला. हसवणारे लेखन हा अर्थ मराठीत दृढ होण्यात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा, म्हणजे वऱ्हाडात वकिली करणाऱ्या एका नाटककाराचा, मोठा वाटा. शिकार, काव्य आणि हास्य हे तिन्ही अर्थ एकाच आयुष्यात पाहायचे असतील, तर वऱ्हाडातल्याच दुसऱ्या एका वकिलाकडे वळावे लागते. ते म्हणजे यवतमाळचे वासुदेव वामन ऊर्फ भाऊसाहेब पाटणकर.

भाऊसाहेबांचा जन्म २९ डिसेंबर १९०८ चा. लोकनायक बापूजी अणे यांनी ज्या यवतमाळात वकिली केली, तेथेच भाऊसाहेबही वकील म्हणून नावारूपाला आले. न्यायालयाबाहेर त्यांचा जीव रमला तो जंगलात. सागवानाने भरलेल्या या जिल्ह्यात तेव्हा परवाना काढून वाघाची शिकार करता येई आणि भाऊसाहेब पट्टीचे शिकारी होते. आजच्या वाचकाला हे रुचणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो काळ संपवला आणि याच जिल्ह्यातल्या टिपेश्वरला आता लोक वाघ पाहायला जातात. तथापि, मृत्यूला समोरासमोर पाहण्याची सवय त्यांना त्या रानात लागली असावी, असे त्यांचे काव्य वाचताना वाटते.

शायरी आली ती उशिरा, पन्नाशी उलटल्यावर. दृष्टी अधू होत गेली, वकिली सुटली. इंग्रजीत विनोदाला ह्यूमर म्हणतात आणि डोळ्यातल्या द्रवालाही तोच शब्द आहे, कारण शरीरातल्या चार द्रवांवर माणसाचा स्वभाव ठरतो असे ग्रीक वैद्य मानीत. आपल्याकडचा रस हा शब्दही असाच देहातून साहित्यात आलेला. भाऊसाहेबांच्या बाबतीत एक ह्यूमर आटत गेला आणि दुसरा उफाळून आला, असेच म्हणावे लागेल.

उर्दू शायरीचा बाज त्यांनी उचलला, शब्दकळा मात्र आपली ठेवली. मद्य, प्रेयसी, विरह हे विषय तिकडचे. कैलास, गंगा, नरक हे सारे इकडचे. संस्कृत आणि वेदान्ताची बैठक असलेला माणूस प्याल्याविषयी लिहितो, तेव्हा त्यात निव्वळ थिल्लरपणा उरत नाही. ‘मराठी शायरी’, ‘मराठी मुशायरा’, ‘मैफिल’, ‘दोस्तहो’, ‘जिंदादिल’ ही त्यांची पुस्तके. यातले शेवटचे नाव त्यांना बिरुद म्हणूनच चिकटले. गावोगावच्या कार्यक्रमांत ते स्वतः शायरी सादर करीत. पहिल्या ओळीत श्रोत्याला गंभीर करायचे, दुसरीत वाट बदलायची आणि सभागृह हास्यात बुडवायचे, ही त्यांची हातोटी होती.

याच हातोटीने त्यांचे नुकसानही केले. शेजारच्या अमरावतीचे सुरेश भट मराठी गझलेला वेदनेचे आणि विद्रोहाचे गांभीर्य देत होते. त्या तुलनेत पाटणकरांचे शेर मैफिलीत टाळ्या घेणारे, म्हणून हलके, असा समज पसरला. मद्यावरच्या द्विपदी पाठ झाल्या, कित्येकदा कवीच्या नावावाचून फिरू लागल्या आणि मृत्यूवरची शायरी मागे पडली. वास्तविक त्यांचा कस तिथेच लागतो. स्वतःची अंत्ययात्रा निघाली आहे, आप्तेष्ट जमले आहेत आणि मेलेला माणूस हा सगळा सोहळा मिस्कीलपणे न्याहाळतो आहे, अशी कल्पना ते रंगवतात. यात ना उपहास आहे, ना थट्टा. उपहासाला कोणीतरी खाली लागतो. इथे खाली पडलेला कवी स्वतःच आहे. भयाला दूर सारणे हा विनोदाचा जुना, मूळ अर्थ या शायरीत हसण्याच्या रूपाने परत येतो. त्यांना केवळ हास्यकवी म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

पन्नाशीनंतर लिहू लागलेल्या या कवीला पुढे जवळपास चार दशके लाभली. त्या काळात वृद्धत्वही त्यांच्या शायरीचा विषय झाले. थकलेले शरीर आणि न थकलेले मन यांची त्यांनी मनमुराद मौज घेतली. २० जून १९९७ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, ते गेले. आपल्या अंत्ययात्रेचे वर्णन तोवर त्यांनी अनेक मैफिलींत करून ठेवले होते.