साडेसहा हजार पानांत न हरवलेला माणूस

तुमच्या प्रोजेक्टमध्ये चाळीस क्लास झाले, की काय होतं? सबमिशनच्या आदल्या रात्री फी मोजणारी मेथड सापडत नाही. लिहिलेली तुम्हीच, पण ठेवली कुठे? मग क्लास ब्राउझर उघडायचा. आधी गट, मग क्लास, मग मेथड, आणि खाली कोड. अशी कप्प्याकप्प्यांची खिडकी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्कमध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी तयार झाली.

पण हाच गुंता आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माणसाने कागद-पेनावर सोडवला होता. भारतरत्न पांडुरंग वामन काणे. नाव तुम्ही ऐकलं असेल; काम कदाचित नसेल.

जन्म ७ मे १८८०चा. शाळा दापोलीत, कॉलेज मुंबईचं विल्सन. काही काळ रत्नागिरीच्या सरकारी हायस्कूलमध्ये शिक्षक, पुढे मुंबई हायकोर्टात वकील. त्यांनी ‘व्यवहारमयूख’ हा कायद्यावरचा जुना संस्कृत ग्रंथ संपादनाला घेतला. त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास लिहावा, एवढाच बेत होता. पण एक ग्रंथकार दुसऱ्याचा आधार देतो, दुसरा तिसऱ्याचा. एका मेथडमधून दुसरीत, तिथून तिसरीत जावं तसं झालं. विषय प्रस्तावनेत मावेना. मग स्वतंत्र ग्रंथच करायचं ठरलं.

आता बघा, त्यांनी सुरुवात कुठून केली. १९३०च्या पहिल्या खंडात मुख्यतः ग्रंथ आणि ग्रंथकारच आहेत. कोण आधीचा, कोण नंतरचा, कोणी कोणाचं घेतलं. शेवटी ग्रंथांची आणि ग्रंथकारांची लांबलचक यादी. कोण कोणावर अवलंबून आहे हे कळल्याशिवाय पुढचं काही लावता येत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग विषयांचे कप्पे. दुसऱ्या खंडात वर्ण, आश्रम, संस्कार. तिसऱ्यात राजधर्म आणि व्यवहार, म्हणजे कोर्टकचेरी. चौथ्यात पातक, प्रायश्चित्त, श्राद्ध, तीर्थयात्रा. पाचव्यात व्रतं, उत्सव, पंचांग आणि बरंच काही.

खरी कसोटी पुढे. काही गोष्टी एका कप्प्यात बसतच नाहीत. वारसाहक्क हा व्यवहाराचा विषय, पिंडदान श्राद्धाचा. पण पिंड कोण देणार यावरून वारस ठरवणारे शास्त्रकारही आहेत. मग हे ठेवायचं कुठे? दोन्हीकडे सगळं लिहिलं तर एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते. काण्यांनी तळटिपांचा भरपूर वापर केला. मागच्या खंडात विषय आला असेल, तर खंड आणि पान सांगून वाचकाला तिकडे पाठवायचं. तुमच्या एडिटरमधलं ‘व्याख्येकडे जा’ हे बटण वेगळं काय करतं?

शेवटचा भाग १९६२ साली छापून आला, तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते. मध्ये वकिली, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद, राज्यसभा. एकूण साडेसहा हजारांहून जास्त पानं. १९६३ साली भारतरत्न मिळालं, १९७२ साली ते गेले. त्यानंतरही कुणी विद्यार्थी तो ग्रंथ उघडतो आणि हवी ती नोंद शोधून काढतो. लेखकाला विचारायची वेळ येत नाही.

आज रात्री एक करा. तुमचा प्रोजेक्ट मित्राच्या हातात द्या आणि एखादी मेथड शोधायला सांगा. तुम्ही मात्र गप्प बसायचं. त्याला तुम्हाला हाक मारावी लागली, तर कोड चालत असला तरी काम अजून संपलेलं नाही.