कु. तोरू दत्त यांचे फ्रेंच

बागेतल्या सुरूच्या झाडावरची तोरू दत्तची इंग्रजी कविता आपल्यापैकी पुष्कळजणींनी शाळेत वाचली असेल. कवयित्री म्हणून तिचे नाव मोठे आहे; पण वयाने ती लेकीसारखी, म्हणून मी एकेरीच लिहिते. मला तिच्या कवितेइतकीच ओढ वाटते ती तिच्या शाळेची. आयुष्यात ती एकाच शाळेत गेली, आणि तीही काही महिनेच!

तोरूचा जन्म कलकत्त्याच्या रामबागानातल्या दत्त घराण्यात ४ मार्च १८५६ रोजी झाला. वडील गोविनचंद्र, आई क्षेत्रमणि. अब्जू, अरू आणि तोरू अशी तीन भावंडे. १८६५ साली अब्जू गेला, तेव्हा तो अवघा चौदा वर्षांचा होता. घरातला एकुलता एक मुलगा गेल्यावर आईबापांनी मुलींना जवळ धरून बसावे, यात नवल नव्हते. गोविनचंद्रांनी मात्र १८६९ साली पत्नीला आणि दोन्ही मुलींना घेऊन थेट युरोप गाठले. कुटुंबाने १८६२ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, तेव्हा समुद्र ओलांडून जात जाण्याचे भय उरले नव्हते. तरीही ज्या वयात तेव्हाच्या मुली सासरी नांदत, त्या वयाच्या दोन अविवाहित मुलींना बोटीवर चढवायला छाती लागते. आपल्या आनंदीबाई जोशी याच कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या त्या १८८३ साली, म्हणजे चौदा वर्षांनंतर.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस गावी हे कुटुंब उतरले. हे गाव फ्रान्समध्ये सामील होऊन तेव्हा नऊच वर्षे झाली होती, आणि तिथल्या जुन्या रहिवाशांची घरातली बोली वेगळीच होती. तेव्हा शुद्ध फ्रेंच शिकायचे ते शाळेतच. पंधरा वर्षांची अरू आणि तेरा वर्षांची तोरू तिथल्या मुलींच्या शाळेत जाऊ लागल्या.

ते पहिले आठवडे कसे गेले असतील, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. फ्रेंचमध्ये प्रत्येक नाम पुल्लिंगी तरी, नाही तर स्त्रीलिंगी. आपल्याला याचे काही वाटणार नाही. तो दगड, ती भिंत, ते झाड असे आपण पाळण्यातूनच शिकतो. पण बंगालीत असे लिंग नाही आणि इंग्रजीतही नाही. या मुलींना टेबल ‘ती’ आणि पुस्तक ‘तो’, हे एकेक घोकावेच लागले असणार. शब्दाच्या शेवटची अक्षरे लिहायची, पण बोलायची नाहीत, हा आणखी एक जाच. उलट नाकातले उच्चार त्यांना सोपे गेले असतील, कारण बंगालीत चंद्रबिंदू आहेच! घोकंपट्टी पुष्कळजणी करतात; तोरूला मात्र ही भाषा आपलीशी वाटली.

तिथून पॅरिस, मग लंडन. १८७० मध्ये प्रशियाने फ्रान्सचा पाडाव केला, तेव्हा लंडनमध्ये बसून या मुलीने फ्रान्ससाठी दुःख केले. १८७१ मध्ये केंब्रिजला स्त्रियांसाठी सुरू झालेल्या व्याख्यानांना दोघी बहिणी जाऊ लागल्या. १८७३ साली सर्वजण कलकत्त्याला परतले, आणि पुढच्याच वर्षी, २३ जुलैला, क्षयाने अरू गेली.

दोघींचा एक बेत होता : तोरूने कादंबरी लिहायची, अरूने तिच्यासाठी चित्रे काढायची. तो तसाच राहिला. तोरूने फ्रेंच कवितांची इंग्रजी भाषांतरे मात्र पुरी केली. दीडशेच्या वर कविता, त्यांतल्या आठ अरूने केलेल्या. १८७६ मध्ये भवानीपूरच्या छापखान्यात हे पुस्तक निघाले. कागद हलका, प्रस्तावना नाही. लंडनच्या ‘एक्झॅमिनर’ पत्राच्या कचेरीत ते येऊन पडले, तेव्हा संपादक मिंटो यांनी ते एडमंड गॉस यांच्या हाती दिले. गॉस यांनाही प्रथम त्यात काही असेल असे वाटले नव्हते. उघडून वाचल्यावर त्यांनीच त्याचा गौरव केला.

तोवर तोरूलाही क्षयाने धरले होते. ती वडिलांबरोबर संस्कृत शिकत होती. प्राचीन भारतातील स्त्रियांवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या क्लारिस बादेर या विदुषीशी तिचा पत्रव्यवहार चालू होता. त्या ग्रंथाचे भाषांतर करण्याची तिची इच्छा होती. ३० ऑगस्ट १८७७ रोजी तिचा अंत झाला. वय एकवीस. आनंदीबाईही एकवीसाव्याच वर्षी गेल्या, आणि त्याच रोगाने.

मागाहून वडिलांना तिच्या कागदांत एक पुरी कादंबरी सापडली. ती इंग्रजीत नव्हती, बंगालीतही नव्हती. सबंध कादंबरी फ्रेंचमध्ये होती आणि तिची नायिका एक तरुण फ्रेंच मुलगी. १८७९ साली ती पॅरिसला छापली गेली, बादेरबाईंच्या प्रस्तावनेसह. तिच्यासाठी चित्रे काढणारी अरू तेव्हा नव्हती. तीनही मुलांच्या मागे राहिली ती त्यांची आई, क्षेत्रमणि.