काजळीची गोळी

मिनी-प्रोजेक्टसाठी आम्ही कापडाचा प्रेशर सेन्सर शिवत होतो. (हो, शिवतच! सुई-दोरा मेसच्या मावशींचा.) चांदीचा मुलामा दिलेल्या कापडाचे दोन तुकडे, मध्ये वीजवाहक थर चढवलेलं काळं कापड, आणि वरचा तुकडा खालच्याला कुठे टेकू नये एवढी काळजी. अंगठ्याने दाबलं की मल्टिमीटरवर रेझिस्टन्स धाडकन उतरतो. आयडिया एकदम नवी वाटली होती, पण तिचे पणजोबा निघाले थॉमस अल्वा एडिसन!

एडिसन म्हटलं की आपल्याला बल्बच आठवतो. १८४७ साली ओहायोतल्या मिलान गावी जन्म, शाळा जेमतेम काही महिने, मग रेल्वेत पेपर विकणं, पुढे तारमास्तर. लहानपणापासून त्याला कमी ऐकू यायचं. गंमत बघा, टेलिफोनचा आवाज मोठा केला तो याच माणसाने.

१८७६ मध्ये बेलने टेलिफोन आणला खरा, पण बोलण्यातून जी थोडीशी वीज तयार होईल तेवढीच तारेत जायची. लांबचं ऐकू येणार कसं? एडिसनने १८७७ मध्ये वीज बॅटरीची घेतली आणि आवाजाला फक्त नळ कमी-जास्त करायचं काम दिलं. तो नळ म्हणजे कार्बन. मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत रॉकेलचे दिवे मुद्दाम धूर करत जळत ठेवायचे, काचेवरची काजळी खरवडायची आणि दाबून तिची चपटी गोळी करायची! आवाजाने पडदा हलला की गोळी दाबली जाते, कण एकमेकांना जास्त भिडतात, रेझिस्टन्स घटतो. आमच्या कापडातही दाबाने हेच होतं. वेस्टर्न युनियनने यासाठी एक लाख डॉलर देऊ केले, तर पठ्ठ्याने ते सतरा वर्षांच्या हप्त्यांत मागितले. एकदम मिळाले तर प्रयोगांत उडतील म्हणून! (दहा तारखेलाच कंगाल होणाऱ्या रूम-पार्टनरने नोंद घ्यावी.)

त्याच गोळीचा पुढे टॅसिमीटर झाला. उष्णतेने कडक रबराची कांडी किंचित लांबते, गोळीला दाबते, गॅल्व्हानोमीटर हलतो. २९ जुलै १८७८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळाची उष्णता मोजायला एडिसन वायोमिंगमधल्या रॉलिन्सला गेला. वेळ काही मिनिटांचाच. रीडिंग सरकलं ते थेट पट्टीबाहेर! उष्णता आहे हे कळलं. किती, ते नाही.

पुढच्या वर्षी त्याने सुती दोरा जाळून कार्बन केला आणि बल्ब पेटवला. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९३१ मध्ये तो गेला.

आमचा सेन्सर सध्या रॉलिन्सलाच अडकलाय. खुर्चीवर कोणी बसलं हे सांगतो, वजन सांगत नाही, आणि माणूस उठला तरी लवकर मूळ रीडिंगवर येत नाही. सरांनी गुरुवारी कॅलिब्रेशन कर्व्ह मागितलाय.