जिभेखालची गोळी आणि नोबेल

आपल्याकडे विहिरीचा काळा पाषाण फोडायला जिलेटिनच्या कांड्या लावतात. हे नाव ज्यावरून आले, ते स्फोटक जिलेटिन १८७५ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी तयार केले.

नोबेलांचा जन्म १८३३ चा, स्टॉकहोमचा. इटलीच्या सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये बनवलेले नायट्रोग्लिसरीन हे तेलासारखे द्रव जरा धक्का लागला तरी फुटायचे. ते हाताळण्याजोगे करण्याचा ध्यास नोबेलांनी घेतला. १८६४ मध्ये त्यांच्या कारखान्यातच स्फोट होऊन धाकटा भाऊ एमिल गेला. तरी काम थांबले नाही. तीन वर्षांनी हे द्रव सच्छिद्र मातीत मुरवून त्यांनी डायनामाइट आणले.

कारखान्यातल्या कामगारांचे डोके मात्र भयंकर दुखे, कारण हे रसायन रक्तवाहिन्या सैल करते. याच गुणामुळे लंडनचे डॉ. मरेल यांनी १८७९ मध्ये ते हृदयविकाराच्या कळेवर सुचवले. पुढे खुद्द नोबेलांनाच हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी लिहून दिले ते नायट्रोग्लिसरीनच! १० डिसेंबर १८९६ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते इटलीत वारले. या औषधातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड सुटतो, हे कळायला आणखी ऐंशी वर्षे लागली. नायट्रिक ऑक्साइडवरील संशोधनाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आम्ही सरकारी दवाखान्यात जिभेखाली ठेवायला देतो ती सॉर्बिट्रेटची गोळी याच कुळातली. डॉक्टरांनी दिली असेल तरच आणि बसूनच घ्या. रक्तदाब एकदम उतरतो. पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर १०८ ला फोन करा.